मऊ बुटाला भुलू नका: परदेश ट्रिपसाठी वॉकिंग शूज बघताना

सगळ्यात आधी एक सांगतो, दुकानात पाय घातल्या घातल्या "आहाहा" वाटणारा बूट आणि दिवसभर चालून संध्याकाळीही पायात नकोसा न होणारा बूट हे बहुतेक वेळा दोन वेगळे बूट असतात. ट्रिपसाठी वॉकिंग शूज घ्यायचे म्हणून मी बरेच ब्रँड पायात घालून बघितले, दुकानात इकडून तिकडे फेऱ्या मारल्या, सेल्समनला वैताग येईपर्यंत साइझ बदलून मागितले, आणि शेवटी जो घेतला तो पहिल्या दोन मिनिटांत अजिबात भारी वाटला नव्हता. नुसता ठीक वाटला होता. आणि तोच दिवसभर टिकला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण या विषयावर जो तो फक्त "मऊ घे, हलका घे" एवढंच सांगतो.

परदेशात फिरताना नक्की काय होतं ते आधी बघू. घरी आपण चालायला जातो तेव्हा तासभर चालतो आणि घरी येऊन बूट काढतो. तिकडे सकाळी हॉटेलमधून निघालो की रात्रीच परत, मधे दहा-पंधरा किलोमीटर सहज होतात आणि ते सलग चालणं नसतं, थोडं चालायचं, रांगेत उभं राहायचं, म्युझियममध्ये प्रत्येक चित्रापुढे थांबायचं, परत चालायचं. हे उभं राहणंच जास्त मारतं बरं का, चालण्यापेक्षा! चालताना पोटऱ्या हलत असतात, रक्त वर ढकललं जातं, नुसतं उभं राहिलं की सगळं पायात साचतं आणि पाय सुजतात. वर पुन्हा पायऱ्या. व्हॅटिकनला सेंट पीटर्सच्या घुमटावर जायचं तर ५५१ पायऱ्या, लिफ्टने अर्धं अंतर गेलात तरी पुढच्या ३२० चढाव्याच लागतात. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने ६७४. चढताना दम लागतो तो आपला प्रश्न, पण उतरताना बोटं पुढे सरकून बुटाच्या टोकाला आपटतात तो बुटाचा प्रश्न, आणि नखं काळी पडतात ती त्यामुळेच.

आता मऊपणाबद्दल. बहुतेक बुटांचा मधला सोल ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. हलका, स्वस्तात बनणारा, छान उसळी देणारा, पण वापरून वापरून दबतो आणि दबलेला परत पूर्ण वर येत नाही. मेमरी फोमचं तर आणखी वेगळं आहे, तो उष्णतेने आणि वजनाने मऊ होतो, म्हणून पाय घातल्यावर लगेच पायाचा आकार घेतो आणि आपल्याला वाटतं वा काय बूट आहे. पण तोच फोम दिवसभर गरम पायाखाली दाबला गेला की संध्याकाळपर्यंत चपटा होतो आणि खाली जे काय कडक असेल ते लागायला लागतं. दुसरं म्हणजे फार मऊ सोलवर पाय प्रत्येक पावलाला थोडा थोडा डुलतो, ते आपल्याला जाणवत नाही पण घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू दिवसभर तो तोल सांभाळत बसतात. रात्री पोटऱ्या दुखतात आणि आपण म्हणतो आज फार चाललो.

म्हणून बूट हातात घेतला की मी तीन गोष्टी करतो. टाचेच्या मागची बाजू अंगठ्याने दाबतो, ती सहज आत गेली तर तो बूट टाच धरून ठेवणार नाही. मग बूट ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघतो, थोडा विरोध झाला पाहिजे. आणि शेवटी टोक वर वाकवतो, बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे आपला पाय वाकतो तिथे. मधोमध दुमडला तर परत ठेवून द्यायचा, मग त्याच्यावर कितीही मोठ्या अक्षरात कम्फर्ट लिहिलेलं असो.

रुंदीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माझ्या मते निम्म्या लोकांचा त्रास इथेच आहे आणि कोणी त्याकडे बघतच नाही. आपण फक्त लांबीचा नंबर सांगतो, आठ द्या, नऊ द्या. पण बुटाला रुंदीही असते आणि तीही वेगवेगळी मिळते. पुरुषांच्या बुटात साधी रुंदी म्हणजे डी, त्याहून रुंद २ई, आणखी रुंद ४ई. ज्याचा चवडा रुंद आहे तो माणूस डी रुंदीचा बूट घालतो, करंगळीला दाबतं, मग एक नंबर मोठा मागतो, दाब कमी होतो, खूश होऊन घेऊन जातो. इथे काय झालं? बूट लांबीला मोठा झाला, म्हणजे तो वाकण्याची जागा पुढे सरकली, तळव्याच्या कमानीला आधार देणारा उंचवटा चुकीच्या ठिकाणी आला, आणि टाच मागे सैल पडून प्रत्येक पावलाला वरखाली घासायला लागली. टाचेला फोड आला की लोक म्हणतात बूट चावतो. बूट चावत नाहीये हो, माप चुकलंय.

रुंदी बघायची सोपी युक्ती म्हणजे बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं. पाय दोन्ही बाजूंनी इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, विषय संपला. लांबीसाठी सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, आणि हे सगळ्यात लांब बोट प्रत्येकाचा अंगठाच असतो असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा, एक थोडा मोठा निघतोच, माप त्याचं धरायचं. आणि बूट बघायला संध्याकाळी जायचं, सकाळी नाही, कारण संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात आणि ट्रिपवर तुमचे पाय तसेच असणार आहेत. काही दुकानांत अजून ते धातूचं ब्रॅनॉक मोजमाप यंत्र असतं, सरकत्या पट्ट्यांचं. दिसलं तर लाजू नका, पाय ठेवा त्यावर. त्यात पायाची लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर अशी तीनही मापं निघतात.

नंबरांचा घोळ पण सांगून ठेवतो. यूके ८ म्हणजे यूएस किती? नाइकीच्या तक्त्यात ९, आदिदासच्या तक्त्यात साडेआठ! युरोपियन नंबर बघायला गेलं तर नाइकीत ४२.५ आणि आदिदासमध्ये ४२. म्हणजे "माझा नंबर आठ" या वाक्याला ऑनलाइन घेताना काही अर्थ नाही. त्यापेक्षा टंगच्या, म्हणजे लेसखालच्या जिभेच्या, आत जे लेबल असतं त्यावर जेपी किंवा सीएमपुढे एक आकडा असतो, २६.५, २७ वगैरे, तो सेंटिमीटरमध्ये असतो. सध्या पायात नीट बसणाऱ्या बुटाचा तो आकडा बघून ठेवा आणि त्यावरून सुरुवात करा. त्यातही ब्रँडप्रमाणे थोडा फरक पडतो, पण निदान पार भलतंच पार्सल येत नाही.

आता ब्रँडकडे येतो. हे माझ्या पायांचं मत आहे, तुमचे पाय वेगळे.

स्केचर्सचे गो वॉक बहुतेकांनी बघितलेत. हलके, घालायला सोपे, पाय घातला की मजा. विमानात, हॉटेलच्या आजूबाजूला, तासभराच्या चालण्याला एकदम झकास. पण बिनलेसच्या मॉडेलमध्ये बूट आवळायची किंवा सैल करायची सोय नसते, सकाळी पाय बारीक आणि संध्याकाळी सुजलेला, बूट मात्र तेवढाच. मुख्य बूट म्हणून मी तो घेणार नाही, दुसरा जोड म्हणून नक्की घेईन. त्यांच्याकडेच आर्च फिट नावाची रेंज आहे, त्यात कमानीला आधार जास्त आहे, लेसवाला प्रकारही मिळतो, स्केचर्सच घ्यायचा असेल तर तो बघा.

होका म्हणजे तो जाडजूड सोलवाला. २००९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला, डोंगर उतरत धावणाऱ्यांसाठी बनवलेला बूट, आणि आता दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायात जास्त दिसतो. त्यांचा बाँडी खूप जाड, क्लिफ्टन त्याहून हलका. सोलचा तळ पुढे मागे वळलेला असतो त्यामुळे पाऊल आपोआप पुढे गडगडतं, ज्यांच्या पायाचा अंगठा नीट वाकत नाही किंवा चवड्याला दुखतं त्यांना याचा खरंच फायदा होतो. फक्त एक आहे, बाँडीत टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक कमी, चार-पाच मिलिमीटरच. आधी नेहमी उंच टाचेचे स्पोर्ट्स शूज वापरत असाल, समजा ब्रूक्स घोस्टसारखे ज्यात हा फरक बरीच वर्षं १२ मिलिमीटर होता, तर एकदम यावर आल्यावर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणली जाते. सवय करायला वेळ हवा, ट्रिपच्या आदल्या आठवड्यात घ्यायची ही चीज नाही. शिवाय सोल उंच असल्यामुळे ओबडधोबड दगडांवर मला तरी जमिनीपासून लांब असल्यासारखं वाटलं.

असिक्सचा जेल निंबस सुंदर आहे, टाचेला मऊ पण मधे धरून ठेवणारा. साध्या रुंदीत माझ्या करंगळीला दाबत होता, त्या दुकानात रुंद प्रकार नव्हता, नाहीतर गोष्ट वेगळी झाली असती. ज्यांचे तळवे सपाट आहेत आणि चालताना पाय आतल्या बाजूला कलतात त्यांनी निंबसपेक्षा कायानो बघावा, तो आधारवाला आहे. ब्रूक्सचा ॲडिक्शन वॉकर पण तसाच, चामड्याचा, भक्कम, जड आणि दिसायला अगदीच साधा, पण त्याची चाहती मंडळी दुसरं काही घालतच नाहीत. एक्को ही डॅनिश कंपनी ज्यांना जेवायला बाहेर जाताना स्पोर्ट्स शूज नको वाटतात त्यांच्यासाठी, चामड्याचा नीटनेटका बूट आणि चालायलाही चांगला.

मी शेवटी घेतला न्यू बॅलन्सचा ८८०, २ई रुंदीत. गंमत म्हणजे ही कंपनी १९०६ साली बॉस्टनमध्ये सुरू झाली ती बूट बनवायला नाहीच, तळव्याच्या कमानीला आधार देणारे सपोर्ट बनवायला. रुंदीचे इतके पर्याय क्वचितच कोणी ठेवतं. ८८० तसा रनिंग शू आहे, पण त्याने काही बिघडत नाही, रनिंग शूजमध्ये कुशन चांगलं असतं, वजन कमी असतं आणि चालायला ते छान चालतात, फक्त टाच मागे फार बाहेर आलेली आणि पसरट असेल असे रेसचे किंवा आतमध्ये कार्बनची पट्टी असलेले प्रकार टाळायचे. ८८० चा फोम ना फार मऊ ना कडक. पायात घातल्यावर कौतुकाने काही बोलावंसं वाटत नाही. दिवसभर फिरून रात्री लक्षात येतं की आज आपण बुटाबद्दल एकदाही विचार केला नाही. यापेक्षा जास्त मला बुटाकडून काही नकोय. ज्यांना चामड्याचा आणि जास्त ताठ हवा त्यांच्यासाठी त्यांचाच ९२८ आहे, वजनाला जड पण आधाराला पक्का.

बाबांची गोष्ट वेगळी. त्यांना खाली वाकून लेस बांधायला जमत नाही आणि दुसऱ्या कोणी बांधलेली आवडत नाही. "मला चप्पल बरी," हे त्यांचं ठरलेलं. त्यांच्यासाठी स्लिप-इन घेतला, ज्यात टाचेची बाजू ताठ असते आणि हात न लावता पाय आत सरकतो. "हे बरंय, वाकायला नको," एवढंच म्हणाले, म्हणजे आवडला. जपानला जाणार असाल तर हा प्रकार तरुणांनीही विचारात घ्या, तिथे देवळांत, पारंपरिक सरायांत, कित्येक रेस्टॉरंटमध्ये बूट काढावे लागतात, दिवसातून कितीदा तरी लेस सोडा-बांधा करत बसावं लागतं. आणि मोजे न फाटलेले घाला, तिथे ते सगळ्यांना दिसतात. ज्येष्ठांना डायबिटीस असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर मात्र नवा बूट घेण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि ट्रिपवर रोज रात्री पाय नीट तपासा, कारण फोड आलेला त्यांना कळतच नाही.

ग्रिपकडे कोणी बघत नाही. बूट उलटा करा. खाली खरं रबर आहे की नुसता फोमच उघडा ठेवलाय? वजन कमी करायला बरेच ब्रँड रबराच्या दोन-चार चकत्या लावतात आणि बाकी फोम. कोरड्या रस्त्यावर चालून जातं, ओल्या गुळगुळीत दगडावर घसरतं. लिस्बनचे फुटपाथ चुनखडीच्या छोट्या छोट्या दगडांचे आहेत, वर्षानुवर्षं चालून चालून गुळगुळीत झालेले, आणि शहर सगळं चढउताराचं. पाऊस पडला की तिथले लोकही जपून चालतात. रोमचे ते काळ्या दगडांचे रस्ते, सांपिएत्रिनी म्हणतात, त्यात दगडांमध्ये फटी, पातळ सोल असेल तर एकेक दगड तळव्याला मोजता येतो. व्हेनिसला शेकडो पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. अशा ठिकाणी जायचं असेल तर पूर्ण रबरी तळ आणि थोडा जाड सोल हवाच, कुशन एक घर कमी असलं तरी चालेल.

वॉटरप्रूफ घ्यावा का हा प्रश्न सगळे विचारतात. गोअर-टेक्स किंवा तसलं अस्तर असलेला बूट थंडीत, बर्फाच्या चिखलात, सततच्या रिपरिप पावसात उपयोगी. उन्हाळ्यात त्यात पाय शिजतात. आणि जोराचा पाऊस आला तर पाणी वरून, घोट्याकडून, मोज्यातून आत जातंच, एकदा आत गेलं की त्याच अस्तरामुळे ते बाहेर पडत नाही आणि बूट लवकर वाळत नाही. साधा जाळीचा बूट भिजतो लवकर आणि वाळतोही लवकर. मी उन्हाळी ट्रिपला जाळीचाच नेतो.

मोज्यांवर पैसे वाचवू नका. सुती मोजा घाम पितो आणि ओला राहतो, ओली कातडी घासली की फोड ठरलेला. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक मिश्रण घ्या, आणि बूट घ्यायला जाताना तेच मोजे घालून जा. टाच वरखाली होत असेल तर बुटाच्या अगदी वर, घोट्याजवळ जे एक जास्तीचं भोक असतं ना, जे आपण कधीच वापरत नाही, त्यातून लेसचा छोटा फास करून समोरची लेस त्यातून ओवायची आणि खेचायची. टाच जागेवर बसते. उतारावर बोटं पुढे सरकतात त्यालाही हाच उपाय. आणि कुठे चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा, हॉटेलवर जाऊन बघू म्हणालात तर फोड तुमच्या आधी तयार असतो.

बूट निघायच्या तीन-चार आठवडे आधी घ्या. आधी घरातल्या स्वच्छ फरशीवर घालून फिरा, म्हणजे नाही जमला तर परत करता येतो. मग बाहेर, त्याच मोज्यांत, पाठीला सॅक लावून, एकदा तरी तीन-चार तास. फोमवाले बूट लवकर रुळतात, चामड्याचे वेळ घेतात. आणि कपाटात वर्षानुवर्षं ठेवलेला तो "चांगला" बूट ट्रिपला काढू नका! पीयू (पॉलियुरेथेन) प्रकारचा सोल हवेतल्या दमटपणाने आतून खराब होतो, बूट न वापरताही होतो, बाहेरून नवाकोरा दिसतो आणि चालता चालता सोल तुकड्या तुकड्यांनी गळायला लागतो. परक्या शहरात भर दुपारी हे झालं की जो मिळेल तो बूट घ्यावा लागतो.

दोन जोड न्या, आलटून पालटून घाला, घाम वाळतो आणि दाबलेला फोमही थोडा सावरतो. जड जोड विमानात पायात घाला म्हणजे बॅगेचं वजन वाचतं, फक्त लेस सैल सोडा, लांबच्या फ्लाइटमध्ये पाय सुजतात. बूट भिजले तर इनसोल काढून आत कागद कोंबायचे आणि तास-दोन तासांनी बदलायचे. हेअर ड्रायर किंवा हीटरपुढे ठेवायचे नाहीत, गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. हॉटेलच्या रिसेप्शनवर जुने पेपर मागितले की देतात, आजकाल पेपरच कमी झालेत म्हणा, मग टिश्यूचा रोल.